काका, ते काटे काचेचे नव्हते

आदरणीय काका,

शि. सा. न. वि. वि.

थंड करून काचेसारखं गोठवलेल्या ग्लिसरॉलचा बोसॉन पीक, म्हणजे काचांच्या रामन आलेखात (नमुन्यावरून विखुरलेला लेझरचा प्रकाश किती बदलला त्याच्या आलेखात) शून्याजवळ दिसणारा रुंद उंचवटा, अखेर स्वच्छ दिसला. ४० वेव्हनंबरच्या (प्रकाशाची वारंवारता किती सरकली ते मोजायचं एकक) आसपास एकच रुंद कुबड, वर पूर्वी उठायचे तसल्या अणकुचीदार काट्यांपैकी एकही नाही. तेही रत्नागिरीत, भर पावसाळ्यात. हे तुमच्यामुळे झालं, आणि चारचौघांत सांगितल्याशिवाय आम्हाला चैन पडणार नाही, म्हणून हे उघडं पत्र.

हे काटे का येतात, असं तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्यांनी उंटावरून शेळ्या हाकल्या. कुणी म्हणालं मशीन जुनं, कुणी म्हणालं असली मापं कोकणच्या दमट हवेत होतच नाहीत. आलेख मात्र एकानेही मागवला नाही. तुम्ही तो कागदावर छापून मागितलात, खिशातली पट्टी लावलीत आणि प्रत्येक काट्याखाली पेन्सिलीने एक टिंब दिलंत. टिंबांमधलं अंतर सगळीकडे ८ वेव्हनंबर. एक काटा मोठा, एक लहान, पुन्हा मोठा. "हा नायट्रोजन फिरतोय," एवढंच म्हणालात.

आणि खरंच! दव धरू नये म्हणून नमुन्याच्या कोठडीत आम्हीच कोरडा नायट्रोजन सोडत होतो. त्याच्या रेणूंच्या फिरण्याच्या रामन रेषा १२, २०, २८ अशा चढत जातात, म्हणजे नेमक्या आपल्या कुबडावरून. बाहेरची हवा शिरली की त्यात ऑक्सिजनची भर. त्याचं अंतर साडेअकरा. आर्गॉन एकअणू वायू, त्याला फिरण्याच्या रेषाच नाहीत. मिरकरवाड्याला होड्यांची कामं करणाऱ्या वेल्डरकडून सिलेंडर आणायला तुम्हीच सुचवलंत. वर बजावलंत, की आर्गॉन ८७ केल्व्हिनला द्रव होतो, तेव्हा नमुना ज्यावर बसवतो त्या थंड ठोकळ्याचा कुठलाही भाग ९० च्या खाली जाता कामा नये. आम्ही १२० आणि १७० ला मापं घेतली.

ग्लिसरॉलबद्दलचं तुमचं म्हणणंही तंतोतंत निघालं. झाकण उघडं राहिलं की ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी मिसळलं की काच होण्याचं तापमान १९० केल्व्हिनवरून खाली घसरतं. मग दोन दिवसांची मापं जुळणार कशी? आता आधी कोमट करून ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतो, कारण धुळीचा एक कणही शून्याजवळ प्रकाशाचा डोंगर उभा करतो. मग निर्वातात तापवून पाणी काढतो आणि कुपी लगेच बंद करतो.

कच्च्या आलेखावर भाळू नका, हे तर पाठच झालंय. तीव्रतेला बोस यांच्या गुणकाने (तापमानामुळे प्रकाशाची तीव्रता किती पट वाढते ते सांगणाऱ्या आकड्याने) भागायचं: ४० वेव्हनंबरला तो १२० केल्व्हिनला साधारण २.६ आणि १७० ला ३.५. भागल्यावर दोन्ही वक्र एकावर एक बसले, तेव्हा तो क्षण आम्ही सगळ्यांनी उभं राहून पाहिला. वक्र असे जुळले म्हणजे ही साधी कंपनंच, अनेक रेणूंनी मिळून घेतलेले, सेकंदाला सुमारे सव्वा लाख कोटी हेलकावे. १९० च्या वर जाऊन द्रव सैल झाला की शून्याजवळचा पसारा वाढत जातो आणि कुबड त्यात बुडतं. त्याला मशीनचा दोष समजू नये, हेही तुमचंच.

आपल्या कासार्ड्याला निघते त्याच सिलिकाची शुद्ध काच घेतली, तर १० केल्व्हिनजवळ तिची उष्णताधारकता डिबायच्या घन नियमापेक्षा (थंडीत ती तापमानाच्या घनाने बदलते, या नियमापेक्षा) वर उचलते, म्हणजे नियमात न बसणारी जादा कंपनं तिथेही दिसतात. १९७१ मध्ये झेलर आणि पोल या भौतिकशास्त्रज्ञांनी काचांची मापं प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा प्रश्न गाजतोय. ही जादा कंपनं नेमकी कुठून येतात यावर आजही एकमत नाही. अशा प्रश्नापर्यंत पोचायला आधी आपला आलेख खरा लागतो.

ज्ञान असलेली माणसं पुष्कळ असतात, काका. पण नवख्या पोरांचा चुकलेला कागद हातात घेऊन शेवटच्या काट्यापर्यंत टिंबं देणारा माणूस भेटणं हे भाग्य. तुम्ही ना आवाज चढवलात, ना आमचं अज्ञान काढलंत.

तो कागद लॅमिनेट करून मशीनशेजारी लावलाय. पेन्सिलीची अकरा टिंबं अजून स्पष्ट दिसतात.

आपले नम्र,
प्रयोगशाळेतले आम्ही सगळे, रत्नागिरी