मॅडम, आई हात न टेकता उठली

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

परवा दाराची बेल वाजली. आई खुर्चीत बसून टॉवेलची घडी घालत होती. ती उठली आणि अर्धवट घडी हातात तशीच धरून दार उघडायला गेली. खुर्चीच्या हातांना तिने हात लावलाच नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही, पण मला कळलं. त्याच रात्री ठरवलं की तुम्हाला पत्र लिहायचं, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं.

मी तुमच्याकडे ताकदीचे व्यायाम शिकायला आलो तेव्हा डाव्या मांडीचा मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, तिसऱ्यांदा दुखावला होता. तिन्ही वेळा फुटबॉल खेळताना, पूर्ण वेगात धावत असताना. दर वेळी दुखायचं थांबेपर्यंत विश्रांती घ्यायची आणि पुन्हा मैदानात उतरायचं, एवढंच मला माहीत होतं. वेदना गेली म्हणजे स्नायू बरा झाला, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही मला पालथं झोपवलंत, एकेक टाच तुमच्या हाताविरुद्ध ओढायला लावलीत आणि म्हणालात, "दुखत नाहीये, पण जोरही नाहीये." दोन वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं ते या एका वाक्यात होतं.

मग नॉर्डिक नावाचा व्यायाम सुरू झाला. मी गुडघ्यांवर, घोटे तुमच्या हातांत घट्ट धरलेले, आणि पाठ सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. पहिल्या दिवशी वीतभर झुकलो आणि धाडकन तळव्यांवर आपटलो. वेगाने धावताना पाय जमिनीवर टेकण्याच्या जरा आधी हा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच क्षणी त्याला पायाला लगामही घालायचा असतो. बहुतेक वेळा तो तिथेच दगा देतो. म्हणून त्याला ताणलं जात असतानाच जोर लावायला शिकवायचं, हे तुम्ही जमिनीवर बसून, माझे घोटे धरून समजावलंत. ज्या संघांनी हा व्यायाम नेमाने केला, त्यांच्यात हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं अभ्यासांत दिसलंय. मी धावतोच की, मग पायांचा वेगळा व्यायाम कशाला, हा माझा हेका तेव्हा सुटला.

तुमच्या वहीबद्दलही लिहायलाच हवं. प्रत्येक सेट, प्रत्येक वजन तारखेसह त्यात असायचं. तिसऱ्या आठवड्यात डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलून उभं राहायचा व्यायाम, एकदम सोपा वाटायला लागला, तेव्हा मी एकदम 10 किलो वाढवायला निघालो होतो. तुम्ही फक्त अडीच किलो चढवू दिलंत. सुरुवातीची ताकद बरीचशी मज्जासंस्थेची असते, असलेला स्नायू ती अधिक चांगला वापरायला शिकते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेला मात्र घट्ट व्हायला महिने लागतात. तेव्हा मी नाराज झालो होतो. आज त्या अडीच किलोंसाठी तुमचे आभार मानतो.

आईला घेऊन यायला तुम्ही सांगितलंत तेव्हा मी कचरलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी वजनं? तुम्ही 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाची गोष्ट सांगितलीत: वृद्धाश्रमात राहणारी, नव्वदीच्या घरातली माणसं, 8 आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम, आणि पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक. तरी तुम्ही आईला पहिल्या दिवशी वजन दिलंच नाहीत. खुर्चीवर दोन उशा ठेवल्यात, म्हणजे बसण्याची जागा उंच झाली, आणि हात छातीशी घेऊन पाच वेळा उठायला सांगितलंत. पंधरा दिवसांनी एक उशी गेली, मग दुसरी. मग छातीशी 2 किलोचं डंबेल आलं. "उठताना झटकन, बसताना सावकाश," हे तर आता ती मलाच ऐकवते. झटकन का, तर वयाबरोबर आधी स्नायूंमधले वेगवान तंतू झिजतात, आणि ठेच लागल्यावर पाऊल पटकन पुढे टाकून सावरायला तेच लागतात. घसरून पडण्याची तिची भीती मी इतकी वर्षं जवळून पाहिलीय. आता ती जिना उतरताना कठड्याला नुसता हात लावून ठेवते, लोंबकळत नाही.

माझं म्हणाल तर मागचा पूर्ण मोसम मी खेळलो. शेवटच्या सामन्यात ऐंशीव्या मिनिटाला चेंडूमागे सुसाट धावलो आणि पायाचा विचारही मनात आला नाही. आधी धावताना माझं निम्मं लक्ष त्या मांडीकडेच असायचं.

मॅडम, तुम्ही आम्हाला कधी वजनकाट्यावर उभं केलं नाहीत. काय करता येत नाही, एवढंच विचारलंत आणि तिथून सुरुवात केलीत. त्याबद्दल मनापासून आभार.

आईचा एक निरोप आहे: 2 किलोचं आता हलकं लागतं, बुधवारी 3 किलोचं काढून ठेवा.

आपला कृतज्ञ विद्यार्थी