ड्रॉइंगच्या चुकीचा विमा कोण उतरवणार?

संपादक महोदय,

शिरोली एमआयडीसीत मी जिग-फिक्श्चर, म्हणजे मशीनिंग करताना भाग नेमक्या जागी पक्का धरणारी साधनं, बनवतो. पूर्वी गिऱ्हाईक ड्रॉइंग द्यायचं, आम्ही त्याबरहुकूम माल द्यायचो. आता 'डिझाइनही तुम्हीच करा' म्हणतात. त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही, पण ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून आम्ही हो म्हणतो.

गेल्या वर्षी एका ड्रॉइंगमध्ये दोन लोकेटिंग पिनांमधलं (भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्यांमधलं) अंतर माझ्याकडून 0.2 मिलिमीटरने चुकलं. फिक्श्चर ड्रॉइंगप्रमाणे तंतोतंत होतं, पण त्यावर मशीनिंग झालेल्या 340 पंप बॉडी रिजेक्ट झाल्या. गिऱ्हाइकाने भरपाई मागितली. प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसी होती म्हणून मी निर्धास्त होतो. दावा नामंजूर झाला. मालामुळे कुणाला इजा किंवा मालमत्तेची हानी झाली तरच ती पॉलिसी. डिझाइन चुकल्याने झालेलं निव्वळ आर्थिक नुकसान त्यात बसत नव्हतं. बायकोचे दागिने गहाण ठेवून पैसे भरले.

यासाठी प्रोफेशनल इंडेम्निटी, म्हणजे व्यावसायिक कामातल्या चुकीमुळे द्यावी लागणारी भरपाई भरून देणारी, पॉलिसी असते. डॉक्टर, आर्किटेक्ट, सीए ती घेतात. कारखानदाराला कुणी सांगतच नाही. ती बहुतेक 'क्लेम्स मेड' असते: दावा पॉलिसी चालू असतानाच यावा लागतो आणि चूक पॉलिसीत ठरवून दिलेल्या एका मागच्या तारखेनंतर झालेली असावी लागते. नूतनीकरण चुकलं तर जुन्या कामांचंही संरक्षण जाऊ शकतं.

औद्योगिक संघटनांनी सभासदांसाठी अशी सामूहिक पॉलिसी मिळवावी आणि प्रपोजल फॉर्ममध्ये (विमा घेताना भरायच्या अर्जात) 'डिझाइन व सल्ला' स्पष्ट लिहायला प्रत्येकाला लावावं, ही कळकळीची विनंती.

– एक लघुउद्योजक, कोल्हापूर