रविवारच्या बैठकीआधी प्रोलॉग उतरवून ठेवा

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता टिळकवाडीत, नेहमीच्या जागी बसू. खानापूर-निपाणीकडच्यांसाठी थोडं थांबू, पण १०.१५ ला सुरुवात नक्की.

विषय फायनाइट ऑटोमॅटन, म्हणजे शब्दातलं एकेक अक्षर वाचत एका स्थितीतून दुसरीत जाणारं आणि शेवटी शब्द स्वीकारणारं किंवा नाकारणारं कल्पित यंत्र. या वेळी फळ्यावर नाही, प्रोलॉगमध्ये. १९७२ च्या सुमारास मार्सेयला आलाँ कोल्मेरोए आणि सहकाऱ्यांनी घडवलेली ही संगणकाची भाषा. ऑटोमॅटनची प्रत्येक स्थित्यंतराची (कुठल्या स्थितीतून, कुठल्या अक्षरावर, कुठे जायचं याची) ओळ इथे एक विधान होते. वर दोनच नियम: शब्द संपला आणि स्थिती अंतिम असेल तर स्वीकार, नाहीतर एक अक्षर खाऊन पुढे. एका अक्षरावर दोन वाटा फुटल्या तरी बिघडत नाही. एक वाट चुकली की प्रोलॉग मागे येऊन दुसरी धरतो. यालाच ‘नॉन-डिटरमिनिस्टिक’ म्हणतात; या शब्दाला मुलं घाबरतात, इथे ती ही गोष्ट डोळ्यांनी बघतील. शब्दाऐवजी नुसती लांबी दिली, तर तोच प्रोग्रॅम त्या लांबीचे सगळे मान्य शब्द काढून देतो! मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

प्रोलॉग चालवणारं सॉफ्टवेअर एसडब्ल्यूआय-प्रोलॉग मोफत आहे, घरूनच उतरवून आणा. लॅपटॉप नसलेल्यांनीही यावं, जोडीनं बसू. अकरावी-बारावीला शिकवणाऱ्यांनी तर यावंच.