बाबा, जर्मन मराठीतून शिका

श्टुटगार्ट

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेला पुस्तकाचा फोटो मिळाला. पेन्सिलीच्या खुणांवरून कळलं की तयारी जोरात आहे. आधी एक चिंता मिटवते. व्हिजिटर व्हिसाला जर्मनची परीक्षा लागत नाही. ए१ वगैरे परीक्षेच्या पातळ्या नोकरी, शिक्षण किंवा नवरा-बायकोच्या व्हिसासाठी. तुम्ही नव्वद दिवस राहायला येताय, तेव्हा शंभरपैकी साठ गुण मिळवायचं दडपण नको. खालच्या बेकरीत, ट्राममध्ये, जिन्यात चार वाक्यं बोलता आली तरी पुष्कळ.

पुस्तक ठेवा, पण त्यातलं इंग्रजी बाजूला सारा. इंग्रजीवरून जर्मन वाक्य बनवायला गेलं की घोटाळे होतात. 'आय ॲम कोल्ड'चं शब्दाला शब्द लावून जर्मन केलं, तर आपला स्वभावच थंड आहे असं समोरच्याला वाटू शकतं. जर्मन माणूस म्हणतो 'मिअर इस्ट काल्ट'. त्यातलं 'मिअर' म्हणजे आपलं 'मला'. मला थंडी वाजतेय! तसंच 'दास गेफेल्ट मिअर', ते मला आवडतं. इंग्रजांना ही चतुर्थी समजायला वेळ लागतो, आपण ती बोलायला लागल्यापासून वापरतोय.

लिंगांचंही तेच. देअर, दी, दास म्हणजे तो, ती, ते. इंग्रजी बोलणारे इथेच कपाळाला हात लावतात. आपल्याला निदान टेबल 'ते' का आणि खुर्ची 'ती' का, असा प्रश्न तरी पडत नाही. घर, पुस्तक, पाणी, मूल हे चारही शब्द दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी निघतात. म्हणून लगेच खूश होऊ नका, दूध तिकडे स्त्रीलिंगी आहे आणि टेबल पुल्लिंगी. त्यामुळे वहीत नुसतं 'मिल्ष' लिहू नका, 'दी मिल्ष' असंच लिहा आणि तसंच पाठ करा. नंतर लिंग वेगळं पाठ करायचा कंटाळा येतो.

आकड्यांत तर तुम्ही जावयाच्या ऑफिसातल्या इंग्रजांना मागे टाकाल. पंचेचाळीसमध्ये आपण आधी पाच म्हणतो, मग चाळीस. जर्मनही तेच करतात: 'फ्युन्फ-उंट-फिअर्त्सिष', पाच आणि चाळीस. उलट एकोणतीस, एकोणचाळीस ही आपली वजाबाकी तिथे नाही, सरळ नऊ आणि वीस, नऊ आणि तीस. घड्याळ मात्र नीट शिका. 'हाल्प द्राय' म्हणजे अडीच. द्राय म्हणजे तीन हे आठवून कुणी साडेतीन समजलं, तर डॉक्टरांची वेळ गेलीच. इथे अपॉइंटमेंट चुकली की पुढची लवकर मिळेलच असं नाही.

क्रियापदाचं थोडक्यात सांगते. साध्या वाक्यात ते दुसऱ्या जागी येतं, 'मी पितो चहा' असं. पण 'कारण' किंवा 'की'ने जोडलेलं उपवाक्य आलं, की क्रियापद आपल्यासारखं शेवटी जातं. बाकी व्याकरण आत्ता सोडून द्या.

आई, आता तुझं. तुला वही नको, कान आणि जीभ पुरे. 'त्सुकर' म्हणजे साखर. त्यातला 'त्स' म्हणजे आपल्या चमच्यातला च, चहातला नाही. आणि गंमत म्हणजे इथलेही म्हातारे लोक मधुमेहाला 'साखर'च म्हणतात. 'इश हाबे त्सुकर' एवढं म्हटलंस तरी कुणालाही कळेल. दोन ठिपकेवाल्या 'यू'साठी तोंडात ई म्हणायचं आणि ओठ ऊसारखे काढायचे. आरशासमोर करून बघ, बाबांना हसू दे.

टीव्हीवर यूट्यूब लागतंच, तर डॉइचे वेले या जर्मन वाहिनीची 'नीकोस वेग' ही मालिका लावा. फुकट आहे, अगदी पहिल्या पायरीपासून बी१ या मधल्या पातळीपर्यंत जाते. स्पेनहून आलेला नीको विमानतळावरच बॅग हरवून बसतो, तिथून गोष्ट सुरू होते. छोटे छोटे भाग आहेत, आईला मालिका म्हणूनही आवडतील. त्यांच्या वेबसाइटवर प्रत्येक भागाचे सराव आहेत, ते बाबांनी करावेत. तेवढ्याने भागलं नाही, तर इथल्या लोकशिक्षण संस्थांचं 'फाउहाएस लेर्नपोर्टाल' आहे, तेही फुकट. 'इझी जर्मन'वाले रस्त्यात लोकांना थांबवून गप्पा मारतात आणि खाली जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत अक्षरं येतात. त्यांची 'सुपर इझी'वाली मालिका बघा, बाकीची पुढच्या वर्षी. गुण आणि बक्षिसं देणारी ॲप्स मला फारशी पटत नाहीत. दहा मिनिटं ठीक आहे, पण त्यातून तोंड उघडत नाही. हो, शेजारच्या काकांच्या मुलाला नोकरीसाठी खरंच परीक्षा द्यायची असेल, तर त्याला पुण्याला बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात चौकशी करायला सांगा. त्याचं काम यूट्यूबवर भागणार नाही.

आता बेकरी. 'त्स्वाय ब्रेत्सेल्न, बिट्टे', दोन ब्रेत्सेल द्या, हे वाक्य दोन दिवसांत पाठ होईल. अडचण असते ती पुढच्या प्रश्नांची. काउंटरवरची बाई विचारणार, 'झोन्स्ट नॉख वास?' म्हणजे अजून काही? मग 'कार्टे' की 'बार', म्हणजे कार्ड की रोख? मग पिशवी हवी का? हे तिन्ही प्रश्न ती एका दमात विचारते. म्हणून आपलं वाक्य कमी घोका आणि तिचे प्रश्न जास्त ऐका. काहीच कळलं नाही तर 'लांगझाम, बिट्टे', सावकाश बोला. हे मात्र आत्तापासून म्हणायला लागा.

खालच्या मजल्यावरच्या आजी, ज्यांनी मागच्या वेळी प्लमचा केक पाठवला होता, त्या पक्की श्वेबिश, म्हणजे इथली बोली, बोलतात. त्यांचं बोलणं तुमच्या पुस्तकातल्या जर्मनसारखं मुळीच नाही, तेव्हा नाराज होऊ नका. आमच्या राज्यानेच १९९९ पासून जाहिरात केली होती: 'आम्हाला सगळं जमतं, शुद्ध जर्मन सोडून.' त्या भेटल्या की 'हॅलो'ऐवजी 'ग्र्यूस गॉट' म्हणा, कळी खुलते. आणि त्यांना 'झी' म्हणायचं, म्हणजे तुम्ही. त्याला क्रियापद अनेकवचनी लागतं, जसं आपण 'बाबा आले' म्हणतो. 'दू', म्हणजे तू, फक्त तुमच्या नातीसाठी, रेवासाठी आणि तिच्या पाळणाघरातल्या पोरांसाठी. बाबा, तुम्ही सगळ्यांनाच अहो-जाहो करता, त्यामुळे तुमचं काही चुकायचं नाही. आईवर लक्ष ठेवा.

औषधांची यादी मी जर्मनमध्ये लिहून तुमच्या पाकिटात ठेवीन, ती पाठ करायची गरज नाही. फक्त ११२ हा नंबर लक्षात ठेवा. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दोन्हीसाठी तोच चालतो.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर पहिली दहा मिनिटं बेकरी लावायची ठरली आहे. जावई काउंटरवर उभे राहतील, रेवा पैसे घेईल. बाबा, तुम्ही गिऱ्हाईक. आईने तोपर्यंत नीकोचे पहिले तीन भाग बघून ठेवावेत, रेवा प्रश्न विचारणार आहे आणि ती मार्क द्यायला फार कडक आहे.

तुमची,
मीनू