मनिलाहून आई-बाबांना, इथल्या खेळाडूंबद्दल

ती. आई आणि बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले की तिकडची, म्हणजे फिलिपिन्सची माणसं उंचीला एवढी कमी, मग बास्केटबॉलच्या मागं कशाला लागलीत, त्यापेक्षा कुस्ती-बॉक्सिंग करावं. फोनवर नीट बोलणं झालं नाही म्हणून लिहून पाठवते, कारण इथं राहून मी या लोकांच्या टीमची पक्की फॅन झालीये आणि बाबांचं म्हणणं मला अर्धं पटतं, अर्धं अजिबात पटत नाही.

बाबा, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पीटीएम आणि शिवाजीची फुटबॉल मॅच असली की तुम्हाला जेवणाचं पण भान नसतं ना, इथं बास्केटबॉलचं तेच आहे, फक्त पेठेच्या जागी बारांगाय, म्हणजे आपला वॉर्ड समजा. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत विजेच्या खांबाला रिंग ठोकलीये, बोर्ड प्लायवूडचा, जाळी फाटलेली, आणि संध्याकाळी पोरं रबरी चपला घालून खेळतात, ट्रायसिकल (इथली तीनचाकी रिक्षा) आली की बॉल काखेत धरून बाजूला होतात, गेली की तिथूनच पुढं सुरू. पत्र्याचं छप्पर घातलेलं कोर्ट तर गावोगावी असतं, तिथंच जत्रेची लीग, तिथंच लग्नाचं जेवण, कोविडची लस पण तिथंच, आणि वादळ आलं की घरं सोडून आलेली माणसं त्याच कोर्टवर अंथरूण टाकतात. वादळात जिथं आई-बापाबरोबर रात्र काढली तिथंच पोरगं शूट करायला शिकतं, मग त्याची उंची किती हे कोण विचारत बसणार.

आणि नुसती हौस आहे असंही नाही हं. १९५४ ला रिओच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये कार्लोस लोयझागाच्या फिलिपिन्स टीमनं ब्राँझ आणलं होतं, आजपर्यंत आशियातल्या कुठल्याच देशाला त्याच्या वर जाता आलेलं नाही. पीबीए ही त्यांची लीग १९७५ ची, आशियातली पहिली प्रोफेशनल बास्केटबॉल लीग. २०२३ चा वर्ल्ड कप इथंही होता, पहिल्या दिवशी फिलिपीन अरेनात ३८,११५ माणसं होती, वर्ल्ड कपचा रेकॉर्ड! टीम लागोपाठ चार मॅच हरली, लोकांनी शिव्या घातल्या, तरी शेवटच्या मॅचला आले आणि त्यात चायनाला ९६-७५ असं धुतलं, जॉर्डन क्लार्कसनचे एकट्याचे ३४ पॉइंट. महिन्याभरानं एशियन गेम्सच्या सेमीफायनलला परत चायना, त्यांच्याच घरी, हाफटाइमला आपण चांगलेच मागं (बघा, मी आता आपणच म्हणते), आणि शेवटच्या मिनिटात जस्टिन ब्राउनलीनं लागोपाठ दोन थ्री पॉइंटर मारले, ७७-७६. मग फायनलला जॉर्डन देशाला हरवून ६१ वर्षांनी गोल्ड. ब्राउनली मूळचा अमेरिकन, काही जण म्हणतात उसना खेळाडू, पण जिनेब्रा टीमसाठी तो २०१६ पासून इथं खेळतोय, माझ्या मते तो इथलाच.

आता जे पटतं ते. बास्केटबॉलच्या पाठीमागं सगळा पैसा आणि सगळा टीव्ही जातो आणि ऑलिम्पिकचं मेडल मात्र दुसरेच आणतात, ही गोष्ट मला मनापासून खटकते. फिलिपिन्स १९२४ पासून ऑलिम्पिकला जातोय आणि पहिलं गोल्ड मिळालं २०२१ ला टोकियोत, म्हणजे ९७ वर्षं! आणलं कुणी तर हिदिलिन दियाझनं, वेटलिफ्टिंग, ५५ किलो गट. आई, तुला आठवतंय का, आपल्या मीराबाईचं सिल्व्हर आलं आणि तू रडलीस, त्याच्यानंतर दोनच दिवसांनी हे.

हिदिलिन झाम्बोआंगाची, दक्षिणेकडची, वडील ट्रायसिकल चालवायचे. सुरुवातीला प्लास्टिकचा पाईप आणि सिमेंट ओतून केलेली वजनं यावर शिकली. २०१६ ला रिओत सिल्व्हर मिळालं, एवढं होऊनसुद्धा २०१९ ला तिला सोशल मीडियावर उघड विचारावं लागलं की टोकियोच्या तयारीसाठी कुठल्या कंपनीकडे मदत मागू. हे वाचून मला तेव्हाही राग आलेला, आजही येतो. मग कोविडमध्ये मलेशियात अडकली, जिम बंद, तर बांबूच्या दोन टोकांना पाण्याच्या मोठ्या बाटल्या अडकवून खांद्यावर घ्यायची, तो व्हिडिओ मी तुम्हाला परत पाठवते. फायनलला चायनाची लियाओ चिऊयून दोन किलोनं पुढं गेलेली, हिदिलिनला शेवटच्या प्रयत्नात १२७ उचलणं भाग होतं, तेवढं वजन ऑलिम्पिकला त्या गटात कुणी उचललेलं नव्हतं. खाली बसली, उठली, बार छातीवरून वर गेला आणि हात सरळ झाले. एकूण २२४ विरुद्ध २२३. वजन खाली टाकल्यावर तिचा चेहरा बघा फक्त, मी दुसरं काही सांगत नाही.

गोल्ड मिळाल्यावर घरं काय, पैसे काय, रांगच लागली. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकला कार्लोस युलोनं जिम्नॅस्टिक्समध्ये दोन दिवसांत दोन गोल्ड घेतली, फ्लोअर आणि व्हॉल्ट, तेव्हा पण तसंच, कायद्यानं एका गोल्डला एक कोटी पेसो आणि वर सजवलेला फ्लॅट. मिळायलाच पाहिजे, हक्काचं आहे त्याचं. दीड मीटर उंचीचा हा पोरगा मनिलाच्या मालाते भागात वाढला, टोकियोला व्हॉल्टचं ब्राँझ अगदी थोडक्यात हुकलं होतं, तिथून तीन वर्षांत एवढं केलं. पण मेडलच्या आधी विचारपूस नाही आणि नंतर हारतुरे, हे बदललं पाहिजे. बाबा, खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपल खर्डेकरांनी घर गहाण टाकलं हे तुम्हीच मला सांगितलंय. १९५२ ला आपल्याकडं जे झालं ते इथं २०१९ ला पण होत असेल तर चीड नको यायला? त्याच पॅरिसला १ ऑगस्टला आपल्या कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ आणि ३ ला युलोचं पहिलं गोल्ड, त्या आठवड्यात मी ऑफिसमध्ये दोन्हीकडून पेढे वाटले.

बॉक्सिंगचं तुमचं म्हणणं मान्य. नेस्ती पेतेसियोनं टोकियोला सिल्व्हर आणि पॅरिसला ब्राँझ घेतलं, तिचं नाव लक्षात ठेवा. आणि पॅकियाओबद्दल तर काय बोलायचं, आठ वेगवेगळ्या वजनी गटांत वर्ल्ड चॅम्पियन होणारा जगात तो एकटाच. सिनेटर झाला, २०२२ ला राष्ट्राध्यक्ष व्हायला उभा राहिला आणि पडला, त्यातलं मला काही आवडलं नाही, रिंगमधला तो माणूसच वेगळा. ४६ व्या वर्षी परत उतरला तेव्हा मी नको नको म्हणत होते, तर त्यानं बारिओसबरोबर ड्रॉ काढला, तरी आता पुरे असं मला वाटतं, डोक्याला मार लागणं म्हणजे खेळ नाही.

टेनिस बघत असाल तर आलेक्स इयालाला बघा. २०२५ ला मायामीत १४० व्या नंबरची पोरगी, वाइल्ड कार्डवर आलेली, ओस्टापेंको, कीज आणि श्वियोंतेक अशा तिघींना हरवून सेमीफायनलला. पुढं यूएस ओपनला तिसऱ्या सेटमध्ये १-५ मागं असताना टाउसनला हरवलं. डावखुरी आहे, आईला आवडेल.

बाबा, मोहम्मद अली आणि फ्रेझरची १९७५ ची फाइट ज्या अरानेटा कोलिझियममध्ये झाली ते अजून आहे, क्युबाओला, आणि पीबीएच्या मॅच तिथं होतात. यंदा या दोघं. तुमच्या पासपोर्टची तारीख मला कळवा, जिनेब्राच्या मॅचची तिकिटं लवकर संपतात, खालच्या बाजूची बघते म्हणजे आईला गुडघ्याचा त्रास नको. आणि उंचीचं तिथं बसून परत बोलू.

तुमचीच,
छकुली