बाबा, तुमचा धोटा भंगारात देऊ नका

एसेन, जर्मनी

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

आई, इथली जमीन खचलीय हे मी फोनवर बोलून गेलो आणि तू झोप उडवून घेतलीस. खालून पिढ्यान् पिढ्या कोळसा काढला, म्हणून काही भाग बसलाय, एवढंच. पाणी चढू नये म्हणून पंप रात्रंदिवस चालतात, कायम चालणार आहेत, आणि त्या खर्चासाठी 2007 सालीच वेगळी संस्था उभी केलीय. माझी इमारत भक्कम आहे. जेवणही वेळेवर होतं.

बाबा, रविवारी इथे दुकानं बंद असतात आणि लोक पोराबाळांना घेऊन लोखंडाच्या भट्टीवर चढायला जातात. खरंच! शेजारच्या डुइसबुर्गचा हा कारखाना 1985 साली बंद पडला, पण पाडला नाही. भट्टीला जिने आहेत, सुमारे सत्तर मीटर, तिकीट नाही. वायूच्या टाकीत पाणी भरून बुडी मारायला शिकतात, खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर दोर लावून चढतात. भट्टीवर पोहोचून करायचं काही नसतं. म्हातारी माणसं नातवंडांना हात करून दाखवतात, मी तिथे कामाला होतो.

एसेनची त्सोलफेराइन खाण 1986 ला बंद झाली, 2001 ला युनेस्कोच्या यादीत गेली. खाणकामगार पाळी सुटली की कपडे हुकाला अडकवून साखळीने छतापर्यंत चढवायचे आणि साखळीला कुलूप लावायचे. वरच्या उबेत कपडे वाळायचे. तिथल्या एका न्हाणीघरात आता नाचाच्या तालमी होतात.

मला गिरणीतलं तुमचं साचेखातं आठवलं, ते सगळे माग. चिमणी पाडली त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात, आई सांगते. काळाचौकीच्या इंडिया युनायटेडमध्ये पालिकेने गिरणीचं संग्रहालय योजलंय. यंत्रं ठेवतील, पण सूत तुटलं की साचा थांबवून कसं जोडायचं, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? माळ्यावरच्या पेटीतला गिरणीचा पास आणि मागावरचा धोटा जपा. संध्याकाळी रूपालीसमोर बसून बोला, ती मोबाईलवर घेईल. गिरणी संपाचंही बोला, टाळू नका.

हॉलचे पैसे पाठवलेत. रूपालीच्या दागिन्यांसाठी कर्ज काढू नका, पुढच्या पगारात बघतो. गणपतीला येणं होत नाही आणि लग्नालाही आदल्या रात्रीच पोहोचेन, हळद चुकेल. तिला तुम्हीच समजावा, फोनवर माझ्याच्याने बोलवलं नाही. कानपिळीला मात्र मीच उभा राहणार, मामांना आत्ताच सांगून ठेवा. आणि आई, माझ्यासाठी स्थळं बघायची घाई नको. तिचं नीट पार पडू दे.

बाबा, गुडघ्याचं औषध संपलं असेल तर लगेच कळवा.

तुमचा,
संदीप