ड्राइव्ह ठणठणीत आहे, तक्रार वेगळी आहे

दि. १० मार्च २००८
कोथरूड, पुणे

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लॅपटॉपमधील एचडी डीव्हीडी ड्राइव्ह बदलून मिळणे किंवा त्यापोटी घेतलेली जादा रक्कम परत मिळणे.

संदर्भ : माझे २० फेब्रुवारी, २५ फेब्रुवारी व ३ मार्चचे ई-मेल.

महोदय,

याआधीचे तिन्ही ई-मेल मी इंग्रजीत पाठवले होते. तिन्हींना आलेले उत्तर अक्षरशः एकच आहे, फक्त खालचे नाव बदलते. म्हणून हे पत्र मराठीत आणि रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे. मराठीतले तयार उत्तर तुमच्या संगणकात बहुधा नसेल, तेव्हा कुणाला तरी हे वाचावे लागेल.

तुमचे म्हणणे असे, की ड्राइव्हमध्ये उत्पादनदोष नाही. तो एचडी डीव्हीडी वाचतो, डीव्हीडी वाचतो, सीडीही वाचतो. सबब वॉरंटी लागू होत नाही. यातला एकही शब्द मला खोडायचा नाही. ड्राइव्ह ठणठणीत आहे. त्यात घालायला नव्या डिस्क मात्र आता निघणार नाहीत, कारण हाय डेफिनिशन सिनेमांच्या दोन प्रकारच्या डिस्कच्या भांडणात ब्लू-रे जिंकली आणि एचडी डीव्हीडी हरली. असे होऊ शकते हे तुम्ही धरून चालला होतात आणि स्वतःपुरती सोय करून बसला होतात. विकताना मला मात्र त्यातले काही सांगितले नाही. या मुद्द्यावर तुमच्या तीन उत्तरांत चकार शब्द नाही.

नोकरीच्या कामासाठी मी दोन वर्षे न्यू जर्सीत होतो. जानेवारीत पुण्याला परतायचे ठरले होते, म्हणून नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये एडिसनजवळच्या दुकानातून हा लॅपटॉप घेतला. १७ इंची पडदा, विंडोज व्हिस्टा, टीव्हीला जोडायला एचडीएमआय. साधा डीव्हीडी ड्राइव्ह असलेले हेच मॉडेल ३५० डॉलरने स्वस्त होते. म्हणजे आजच्या भावाने सुमारे १४,००० रुपये मी निव्वळ त्या ड्राइव्हसाठी मोजले. शेजारच्याच टेबलावर तुमचेच ब्लू-रे ड्राइव्हवाले मॉडेल मांडलेले होते. ते याहून महाग.

मी डोळे मिटून खरेदी केली असे कृपया समजू नका. आठवडाभर वाचून, वहीत टिपून गेलो होतो. ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतात, एचडी डीव्हीडीच्या थरात १५. दोन थर धरले तर ५० आणि ३०. आकड्यांत कोण सरस हे मलाही दिसत होते. तरी मी एचडी डीव्हीडी निवडली, कारण तिला रीजन कोड, म्हणजे ठरावीक प्रदेशातच डिस्क चालू देणारे कुलूप, नाही. ब्लू-रेवाल्यांनी जगाचे ए, बी, सी असे तीन वाटे केले आहेत. अमेरिका ए मध्ये, आपण सी मध्ये. एडिसनला घेतलेली ब्लू-रे कोथरूडला चालेलच याची हमी नाही. एचडी डीव्हीडी कुठेही घ्या, कुठेही लावा. कायमचे परत निघालेल्या माणसाला याहून मोठे कारण लागत नाही. (अमेरिकेतून पिशवीभर डीव्हीडी आणून इथल्या प्लेअरमध्ये एकेक घालून बघितलेला कुणी तुमच्या ऑफिसात असेल, तर त्याला विचारा.)

दुकानातल्या विक्रेत्याने जे सांगितले, तेही खोटे नव्हते. युनिव्हर्सल ही सिनेमा कंपनी पहिल्यापासून एचडी डीव्हीडीच्या बाजूला होती. पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ऑगस्टात तिकडे आल्या होत्या. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी २००५ मध्येच या फॉरमॅटला पाठिंबा जाहीर केला होता. त्याच नोव्हेंबरात वॉलमार्टने तोशिबाचा प्लेअर १०० डॉलरच्या आत विकायला काढला होता आणि त्यावर लोकांची झुंबड उडाली होती. दुसरी बाजू मला ठाऊक होती. सोनी, डिस्ने आणि फॉक्सचे सिनेमे फक्त ब्लू-रेवर येतात आणि प्लेस्टेशन ३ या प्रत्येक गेम यंत्रासोबत एक ब्लू-रे प्लेअर घरात शिरतो, हे मी वाचले होते. म्हणूनच मी त्याला सरळ विचारले, की उद्या या भांडणात ही डिस्क मागे पडली तर माझे काय? तो हसून म्हणाला, काळजी करू नका, ही कंपनी दोन्ही देते.

ते वाक्य मी दिलासा म्हणून घेतले, ही माझी चूक. कंपनी दोन्ही देते म्हणजे कंपनीचे दोन्ही डगरींवर हात. कुठलाही फॉरमॅट जिंको, तुमच्या टेबलावर जिंकणारे मॉडेल असणारच होते. ग्राहकाला तशी सोय नाही. तो एकच लॅपटॉप घेतो. विक्रेता आमचा नोकर नाही, असे तुम्ही म्हणाल. मान्य. पण सोबत जोडलेले चकचकीत पत्रक तुमचेच आहे. त्यात 'भविष्य' हा शब्द दोनदा आला आहे आणि समोर दुसरा फॉरमॅट उभा आहे याचा उल्लेख बारीक अक्षरांतही नाही.

पुढचे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ४ जानेवारीला वॉर्नरने जाहीर केले, की मेअखेरीनंतर आपले सिनेमे फक्त ब्लू-रेवर येतील. लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनातली एचडी डीव्हीडी गटाची पत्रकार परिषद ऐनवेळी रद्द झाली. त्या दिवशी मी खोकी बांधत होतो. बातमी वाचली ती हातात चिकटपट्टी घेऊन. फेब्रुवारीत डिस्क भाड्याने देणारी नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट ही दुकाने एकेक करून ब्लू-रेकडे गेली. १९ तारखेला टोकियोत, एचडी डीव्हीडीची मुख्य पाठीराखी असलेल्या तोशिबाचे अध्यक्ष अत्सुतोशी निशिदा यांनी या डिस्कचा कारभार गुंडाळत असल्याचे सांगितले. त्याच दिवशी युनिव्हर्सलने ब्लू-रेला होकार दिला, पाठोपाठ पॅरामाउंटनेही. माझ्या बिलाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

घरी काय आहे तेही सांगतो. माझ्याकडे ११ एचडी डीव्हीडी आहेत. त्यांपैकी तीन कॉम्बो, म्हणजे एका बाजूला साधी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला एचडी. अशा डिस्कवर छापील चित्र नसते, फक्त मधल्या भोकाभोवती मुंगीएवढी अक्षरे. माझी आई वय वर्षे ७२. ती चष्मा कपाळावर सरकवून, डिस्क खिडकीकडे धरून, ती अक्षरे लावते आणि मग म्हणते, ''ही हाय बाजू.'' पुण्यात आल्यावर पहिल्याच रविवारी लॅपटॉप टीव्हीला जोडून निसर्गावरची एक डिस्क लावली. बर्फातल्या बिबट्याच्या मिशांचा केस न केस दिसत होता. बाबा उठून टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले. चित्र अप्रतिम आहे, हे मी मोकळेपणाने लिहून देतो.

फेब्रुवारीच्या शेवटी मेहुणा सॅन होजेहून आला. त्याने प्रेमाने दोन ब्लू-रे आणल्या. त्याच्या दृष्टीने हाय डेफिनिशन म्हणजे हाय डेफिनिशन. डिस्क आत गेली. ड्राइव्ह गरगरला, थांबला, पुन्हा गरगरला, आत दोनदा टक टक झाले आणि पडद्यावर सूचना आली, डिस्क घाला. डिस्क आतच होती. ''बिघडला का रे?'' बाबांनी विचारले. बिघडला नाही, हरला, हे त्यांना समजावून सांगता सांगता चहा गार झाला.

त्यानंतर तुमच्या पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरला दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या खेपेला काउंटरवरच्या बाईंनी तक्रारीच्या रकान्यात 'डिस्क घेत नाही' असे लिहिले आणि मशीन ठेवून घेतले. चार दिवसांनी परत मिळाले ते विंडोज नव्याने टाकून. त्यात सिनेमा लावायचे सॉफ्टवेअरच उडाले. व्हिस्टा स्वतःहून एचडी डीव्हीडीचे सिनेमे लावत नाही, त्यासाठी तुम्ही दिलेला वेगळा प्लेअर लागतो. म्हणजे ज्या ११ डिस्क चालत होत्या, त्याही बंद. दुसऱ्या फेरीत ते परत टाकून मिळाले, तेही मी रिकव्हरी डिस्क घरून नेल्यावर.

तिथल्या एका तरुण इंजिनिअरचे मात्र आभार मानायचे आहेत. ''ड्रायव्हर अपडेट करून बघू,'' असे त्याच्या साहेबांनी सुचवले, तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ''काका, अपडेटनं काही होणार नाही. लेझर दोन्हीकडे सारखाच, निळा. पण एचडी डीव्हीडीत डेटाचा थर ०.६ मिलिमीटर आत असतो आणि ब्लू-रेत ०.१ वर, अगदी कातडीखाली. भिंगच वेगळं लागतं.'' लेझर दोन्हींत ४०५ नॅनोमीटरचा, पण भिंगापासून थर वेगळ्या अंतरावर, म्हणून माझा ड्राइव्ह ब्लू-रेपुढे आंधळा. तुमच्या तिन्ही ई-मेलपेक्षा या दोन मिनिटांत मला जास्त समजले. त्याने आणखी एक सांगितले. तुमच्या ब्लू-रे मॉडेलची बॉडी हीच आहे आणि त्याचा ड्राइव्ह याच खोबणीत बसतो. ''बसेल, पण मला ऑर्डर टाकता येत नाही. सिस्टीम या मॉडेलला तो पार्ट नंबर घेत नाही.'' त्याचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. खरे बोलल्याबद्दल त्याच्यावर बालंट नको.

कोणता फॉरमॅट जिंकेल हे तुमच्या हातात नव्हते, हे मला कळते. पण वाट अगदीच बंद होती असेही नाही. एलजीने दोन्ही प्रकारच्या डिस्क चालवणारा प्लेअर २००७ च्या जानेवारीतच आणला होता, म्हणजे माझ्या खरेदीच्या दहा महिने आधी. लढाई सुटलेली नाही हे दिसत असताना ग्राहकाला दोन्ही वाचणारा ड्राइव्ह देता आला असता. तो महाग किंवा जाड पडत असेल, तर निकाल लागल्यावर खोबणीतला ड्राइव्ह अमुक किमतीत बदलून देऊ, एवढे तरी पत्रकात छापता आले असते. तुम्ही दोन मॉडेल काढली आणि कोणते उचलायचे ते आमच्यावर सोडले. पैज तुम्ही लावलीत, पैसे माझे गेले.

तरी माझे मागणे मोठे नाही. लॅपटॉप परत घ्या असे मी म्हणत नाही. मशीन चांगले आहे. याच खोबणीत बसणारा तुमचा ब्लू-रे ड्राइव्ह बसवून द्यावा. त्यासाठी ड्राइव्हच्या मूळ किमतीपेक्षा जास्त रक्कम मी देणार नाही आणि बसवण्याची मजुरी तुमची. काढलेला एचडी डीव्हीडी ड्राइव्ह बाहेरून जोडता येईल अशा डबीत घालून मला परत मिळावा, कारण त्या ११ डिस्क मी फेकणार नाही आणि आई तर मुळीच फेकू देणार नाही. नव्या ड्राइव्हच्या प्लेअरमधला रीजन कुणी परस्पर ए वर टाकून देऊ नये. तो बदलण्याच्या संधी मोजक्याच असतात. पहिल्यांदा काय निवडायचे ते मी ठरवीन. दोन्ही प्लेअर सॉफ्टवेअर वेगळ्या डिस्कवर हवीत, म्हणजे पुन्हा विंडोज टाकायची वेळ आली तर मला हात जोडत फिरावे लागणार नाही.

यातले काहीच जमत नसेल, तर ३५० डॉलर किंवा त्याइतके रुपये परत करावेत.

हे पत्र मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी उत्तर यावे. ते न आल्यास सगळी कागदपत्रे घेऊन मी ग्राहक पंचायतीत जाणार आहे. खरेदी अमेरिकेतली असल्याचा मुद्दा तुम्ही काढाल, म्हणून आधीच सांगतो : वॉरंटी कार्डावर 'आंतरराष्ट्रीय' असे तुम्हीच छापले आहे आणि तुमच्या पुण्याच्या सेंटरने दोन्ही वेळा मशीन त्याच कार्डावर जमा करून घेतले आहे.

उत्तर इंग्रजीत दिले तरी चालेल, फक्त या वेळी ते या पत्राचे असावे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, वॉरंटी कार्डाची प्रत, तुमचे पत्रक ('भविष्य' दोन्ही ठिकाणी लाल पेनाने अधोरेखित), सर्व्हिस सेंटरच्या दोन पावत्या, तुमच्या तीन ई-मेल उत्तरांच्या प्रती (एकच वाचली तरी पुरेल).